जूनमध्ये काय खायचं?

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका ४१ वर्षांच्या आहेत, पुण्यात राहतात. एका विमा कंपनीत त्यांची १७ वर्षं नोकरी झाली आहे. नवरा नोकरीत, मुलगी नववीत, फ्लॅटचा ३४ हजारांचा हप्ता अजून नऊ वर्षं चालणार. माहेरचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, आई ठाण्याला भावाकडे असते. घराला कुलूप आहे आणि किल्ली शेजारच्या काका-काकूंकडे. यंदा गणपतीला गेल्या असताना त्यांनी मनाशी पक्कं केलं की मार्चअखेर राजीनामा द्यायचा, पीएफ काढून घर दुरुस्त करायचं आणि तीन खोल्यांचा होमस्टे सुरू करायचा. स्वप्नपूर्तीच्या एका कार्यशाळेला जाऊन त्यांनी पाच वर्षांची ध्येयंही वहीत लिहिली आहेत. भाऊ म्हणतो, ‘तुला हवं ते कर.’ नवरा म्हणतो, ‘सगळं ठीक आहे, पण जूनमध्ये काय खायचं?’ त्या लिहितात, ‘आता उडी मारली नाही तर कधीच मारणार नाही. मग मी भित्रीच ठरेन. सांगा, नोकरी सोडू का?’

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ओटीवर बसून पोफळींवरून उतरणारा पाऊस बघण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय, तिथे दर वेळी थांबले. वडिलांनी निसर्ग वादळानंतर, २०२० च्या त्या जून महिन्यात, स्वतः शिडीवर चढून कौलं लावली आणि त्याच घराला आज कुलूप आहे, हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मला वाटतं, सगळं पत्र त्याच वाक्यासाठी लिहिलेलं आहे. म्हणून आधी एक प्रश्न विचारते. तुम्हाला होमस्टे चालवायचाय, की वडिलांचं घर उघडं राहायला हवंय?

दोन्ही इच्छा खऱ्या असू शकतात. पण त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. घर उघडं ठेवायला वर्षाकाठी काही रक्कम, काकूंची मदत आणि तुमचे महिन्यातले तीन-चार दिवस एवढं पुरेल. होमस्टे हा मात्र धंदा आहे. दिवाळी, नाताळ, मे महिना, लागून आलेल्या सुट्ट्या, म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला त्या ओटीवर निवांत बसावंसं वाटतं, नेमक्या त्याच दिवशी तिथे दुसरं कुणी बसलेलं असणार. तुम्ही आत सोलकढी गाळत असाल, रात्री अकराला कुणाला तरी जादा उशी देत असाल. हे काम मनापासून आवडणारी माणसं असतात आणि त्यांच्या हातचं घावन खायला लोक वर्षानुवर्षं त्याच घरी परत जातात. तुम्ही त्यातल्या असालही. पण तुमच्या वहीतल्या पाच वर्षांच्या ध्येयांमध्ये पाहुणा कुठेच दिसत नाही. आहे ती शांतता. म्हणून विचारलं.

आता तुमच्या यजमानांचं वाक्य. ‘जूनमध्ये काय खायचं?’ तुम्हाला त्यात टोमणा ऐकू आला आणि तुम्ही त्याला विरोध म्हणून नोंदवलंत. मला मात्र हा पत्रातला सगळ्यांत उपयोगी प्रश्न वाटतो. कोकणात जून ते सप्टेंबर पर्यटक कमी, समुद्र खवळलेला, वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही. तो माणूस वर्षाच्या बारा महिन्यांपैकी चार महिन्यांबद्दल विचारतोय. ‘वेडी झालीस का’ असं तो म्हणाला असता तर मी वेगळं उत्तर लिहिलं असतं. त्याने तपशील विचारलाय, म्हणजे निदान मनातल्या मनात तो त्या घरात राहून बघतोय.

तर त्याच्याच प्रश्नापासून सुरुवात करू. तुमच्या वहीत हिशेब आहे: तीन खोल्या, दोन हजार भाडं, महिन्याचे वीस दिवस, म्हणजे महिना १ लाख २० हजार. गुणाकार बरोबर आहे, पण ते ‘वीस दिवस’ कुठून आले? ऑक्टोबर ते मे या काळात शनिवारच्या रात्री साधारण ३५. दिवाळीच्या ५, नाताळ ते नवं वर्ष ८, मे महिन्याच्या सुट्टीतल्या मधल्या वारच्या २० धरू. झाल्या ६८ रात्री. तिन्ही खोल्या त्या सगळ्या रात्री भरल्या तर वर्षाचे ४ लाख ८ हजार. नवं घर पहिल्या वर्षी एवढं भरत नाही, दोन तृतीयांश धरा: २ लाख ७२ हजार. त्यातून कामाच्या बाईचा पगार, वीज, चादरींची धुलाई, बुकिंग ॲपचं कमिशन, दर वर्षीची डागडुजी जाऊन निम्मे उरले तर १ लाख ३६ हजार. महिन्याला अकरा हजारांच्या थोडं वर. जेवणाचे पैसे वेगळे मिळतील, काही आठवडे अनपेक्षित भरतील, तिसऱ्या-चौथ्या वर्षी चित्र पालटेलही. माझे आकडे अंदाजाचे आहेत आणि मुद्दाम हात आखडून धरलेले आहेत. तरी १ लाख २० हजार आणि ११ हजार यांतलं अंतर तुम्ही राजीनामा लिहिण्याआधी बघायला हवं, कारण हप्ता ३४ हजारांचा आहे.

हे वाचून वही मिटू नका. आकडा लहान आहे तो ‘सगळं सोडून फक्त हेच’ या मांडणीत. तोच होमस्टे तुमचा पगार चालू असताना सुरू झाला तर ११ हजारांत घराची कौलं, वासे, काकूंचं मानधन हे सगळं निघतं आणि घर स्वतःच्या पायावर उभं राहतं. एकाच आकड्याने एका मांडणीत तुम्ही बुडता आणि दुसरीत वडिलांचं घर तरतं.

भित्रेपणाबद्दल मला तुमच्याशी थोडं भांडायचंय. तळमळ खरी असेल तर माणूस उडी मारतो आणि जो मारत नाही त्याची तळमळच खोटी, हे कुणी ठरवलं? कार्यशाळांमध्ये असं बोललं जातं आणि ऐकताना अंगावर काटाही येतो, ते मी नाकारत नाही. पण तुमच्याच शेजारच्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासकडे बघा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पुढे पिल्लं समुद्रात सोडतानाचा सोहळा बघायला लोक येऊ लागले आणि गावकऱ्यांनी त्यांना आपल्याच राहत्या घरांत उतरवून घेतलं. आहे त्या खोलीत अंथरूण आणि घरात शिजतं तेच जेवण. सोबत बागा आणि शेती चालूच होती. हंगाम काही आठवड्यांचा, तेव्हा कमाईही तेवढ्यापुरती. त्या माणसांना तुम्ही भित्री म्हणाल का? मुंबईत लिज्जत पापडाची सुरुवात १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन केली, तीही घराच्या गच्चीवर, घरचं काम सांभाळून. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली. चार पाकिटं विकून बघायला धैर्य लागतच असणार, कारण ती विकली गेली नाहीत तर ते लगेच कळतं.

आता घराच्या मालकीकडे येते. तुम्ही पत्रभर ‘माझं घर’ लिहिलंय आणि एका ओळीत सांगून टाकलंय की सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो आणखी स्पष्ट केला. तुमचा हिस्सा आहे, त्याबद्दल मनात संकोच ठेवू नका. पण आजोबांच्या नावामागे काका आहेत, आई आहे, भाऊ आहे, आत्या असतील तर त्याही आहेत. भाऊ ‘तुला हवं ते कर’ म्हणतो तो आज. उद्या तुम्ही वहीत लिहिलेले सहा लाख दुरुस्तीत घातलेत, घर देखणं झालं, पाहुणे येऊ लागले की हेच वाक्य त्याला किंवा वहिनीला आठवेलच असं नाही. यात कुणाच्या वाईटपणाचा प्रश्न नाही. रिकाम्या घराबद्दल माणसं उदार असतात, चालत्या घराबद्दल विचार करू लागतात.

म्हणून पहिली पायरी राजीनाम्याची नाही, तलाठ्याकडे वारसनोंदीची आहे. फेरफार होऊन सगळ्यांची नावं लागू द्या. मग दापोलीतल्या एखाद्या वकिलाकडे बसून ठरवा, वाटणीपत्र करायचं, कुणी हक्कसोडपत्र देतंय, की सगळ्यांनी मिळून तुम्हाला ठरावीक वर्षांसाठी घर वापरायला द्यायचं. तिसरा पर्याय मला सगळ्यांत सौम्य वाटतो. कुणाचा हक्क जात नाही, तुम्हाला दहा वर्षांची खात्री मिळते आणि नफ्यातला वाटा आधीच लिहून ठेवता येतो. जे ठरेल ते नोंदणीकृत असू द्या. समुद्र दहा मिनिटांवर आहे म्हणता, तर भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आतल्या बांधकामाला किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. नवी खोली वाढवायचा विचार असेल तर पाया खणण्याआधी हे तपासा.

आणि त्याही आधी शेजारच्या काकांच्या ओटीवर जाऊन बसा. दोन वर्षं किल्ली त्यांच्याकडे आहे, पावसात गळतं का ते तेच बघतात, परसातल्या पोफळींना पाणीही बहुधा तेच घालत असतील. त्यांच्याबद्दल तुमच्या पत्रात एवढंच आहे की किल्ली त्यांच्याकडे असते. तुम्ही पुण्याहून पाच-सहा तासांचा रस्ता करून येणार, पाहुणा दुपारी बाराला दारात उभा राहणार, तेव्हा दार काकू उघडणार आहेत. त्यांना हे हवंय का? काकूंच्या हातच्या आंबोळ्यांवर हा धंदा चालणार असेल तर त्यांचा त्यात मोबदला काय, हे विचारायला जाताना आराखडा घेऊन जाऊ नका. मोकळ्या हाताने जा, चहा प्या आणि त्यांना काय वाटतं ते ऐका. ही बोलणी फोनवर करू नका.

समजा, हे सगळं जमलं. मग मी पुढे अशी जाईन.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही तिघं त्या घरात आठ दिवस राहा. सुट्टीवर आल्यासारखं नको. तीन खोल्या रोज झाडा, दोन जेवणं आणि न्याहारी वेळेवर करा, रोज चादरी धुऊन वाळवा. यजमानांना खर्चाची वही सांभाळायला द्या. त्यांचा प्रश्न आहे, तर उत्तर शोधण्यातही त्यांचा हात असू दे. मुलीला फक्त एवढंच विचारा की तिला तिथे काय आवडलं आणि काय नाही. नववीतली मुलगी खरं बोलते.

नाताळात ओळखीतली दोन कुटुंबं बोलवा आणि पैसे घ्या. हे अवघड जातं, ‘घरच्यांकडून कसे घेऊ’ असं होतं. पण पैसे दिलेला पाहुणाच सांगतो की मोरी अंधारी आहे आणि गादी पातळ आहे. फुकट आलेला ‘फारच छान’ म्हणून निघून जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आंजर्ल्याला कासवं बघायला लोक येतात, तेव्हाचे दोन-तीन शनिवार अनोळखी माणसांसाठी ठेवा. आहे त्या घरात, आहे त्या भांड्यांत. फार तर न्हाणीघर आणि वीजजोडणी नीट करा. ग्रामपंचायतीला सांगा, जेवण देणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी करा, पाहुण्यांच्या ओळखपत्रांची वही ठेवा. पर्यटन संचालनालयाच्या न्याहारी-निवास योजनेत नाव घालायला या काळात वेळ मिळेल.

मे महिन्यात दहा दिवस जा, पुन्हा जुलैत जा. हे दोन मुक्काम टाळू नका. मेमध्ये विहीर तळाला जाते आणि पाहुणे सगळ्यांत जास्त असतात, शहरातला माणूस दिवसाला तीनदा अंघोळ करतो. जुलैत कपडे वाळत नाहीत, वाळवी कुठून चढते ते दिसतं, संध्याकाळी साडेसातला काळोख होतो आणि मोबाइलची रेंज जाते. तुम्ही हे बालपणी अनुभवलंय, पण तेव्हा ते निस्तरायला आई होती. त्या जुलैतही तुम्हाला तिथे राहावंसं वाटलं तर तुमच्या इच्छेवर माझा पूर्ण विश्वास बसेल.

मोठी दुरुस्ती त्यानंतर. वहीत तुम्ही दोन महिने आणि सहा लाख लिहिलेत. कामाच्या वेळेचा अंदाज बांधताना माणसं कशी चुकतात यावर १९९४ मध्ये कॅनडात एक अभ्यास झाला होता. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. ती मुलं आळशी होती असं नाही. आपण अंदाज बांधतो तेव्हा सगळं सुरळीत होणार असं धरतो, आणि मागच्या कामाला किती वेळ लागला होता ते आठवत नाही. तुम्ही दोनाचे सव्वातीन महिने धरा. सुतार मिळायचाय, जांभ्याची गाडी यायचीय, मध्ये शिमगा आहे. कोकणात छपराचं काम मिरगाच्या आत आटोपलं नाही तर एक वर्ष गेलं. म्हणून सुरुवात डिसेंबरातच.

पैशाबद्दल मी कठोर होणार आहे. पीएफला हात लावू नका. छपरात घातलेला पैसा अडचणीच्या वेळी परत काढता येत नाही आणि ४१ व्या वर्षी काढलेला पीएफ तुमच्या साठीतून काढलेला असतो. विमा कंपनीत आहात, तेव्हा हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक असेल, पण नोकरी गेली की कंपनीचा आरोग्य विमाही जातो आणि आई सत्तरीला आली आहे. पहिली दुरुस्ती बचतीतून, खोलीगणिक करा. कर्ज लागलंच तर राज्याचं २०२३ चं ‘आई’ पर्यटन धोरण बघून ठेवा. महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज शासन भरतं, सात वर्षं किंवा एकूण साडेचार लाख होईपर्यंत. अटी आहेत, कागदपत्रं आहेत, म्हणजे पुन्हा सातबाऱ्यापाशीच यावं लागतं.

आणि नोकरी? मार्च नको. पुढच्या वर्षी मुलगी दहावीत आहे. तिची परीक्षा संपेपर्यंत तुमच्या हातात दोन हंगाम असतील. वहीत आज दोन ओळी लिहा. एक: दुसऱ्या हंगामाअखेर अमुक इतक्या रात्री भरल्या, खर्च जाऊन इतके उरले आणि वर्षभराचे हप्ते बाजूला पडले, तर राजीनामा. दुसरी: अमुक इतक्या भरल्या नाहीत, किंवा मला हे काम आवडलं नाही, तर होमस्टे बंद आणि घर फक्त आपल्यासाठी. आकडे तुम्ही दोघांनी मिळून घाला. दुसरी ओळ लिहिताना हात जड होईल. तरी लिहा, म्हणजे तो दिवस आलाच तर त्याला हार म्हणावं लागणार नाही, तुम्ही आधीच ठरवलेलं असेल.

‘निवृत्तीनंतर बघू’ हा सल्ला तुम्हाला अनेकांनी दिला असेल. मी तो देणार नाही. कुलूपबंद मातीचं घर १७ वर्षं वाट बघत नाही, वासे त्याआधीच खाली येतात. घर कुणाला भाड्याने चालवायला देणं हा पर्याय कागदावर सोपा आहे, पण तुमच्या पत्रातल्या ओटीवर परका माणूस बसलेला मला दिसेना. तुम्हाला दिसत असेल तर तोही विचार करा.

हे उत्तर सविस्तर लिहिलं, कारण अशी पत्रं बरीच येतात. कुणाला नागपुरात बेकरी काढायचीय, कुणाला पन्नाशीत गाणं शिकून मैफल करायचीय, कुणाला दुबईतली नोकरी सोडून सांगलीला द्राक्षं लावायचीत. सगळ्यांच्या पत्रात एक तारीख असते, त्या दिवशी सगळं सोडायचं. ते सोडायच्या आधीच्या शनिवारी काय करणार, हे फारसं कुणी लिहीत नाही. त्या सगळ्यांनी आपापला ‘जून’ शोधावा. बेकरीचा उन्हाळा, गळ्याचा रोजचा पहाटेचा तास, द्राक्षांवरचा अवकाळी पाऊस. जो माणूस तो प्रश्न विचारतो त्याच्यावर रुसू नका.

तुमच्याकडे या आठवड्यात करण्यासारखं एकच काम आहे. काकांशी बोलणं समोरासमोर होऊ दे, पण काकूंना आज संध्याकाळी सहज फोन करा. गणपतीनंतर केला नसेलच. बोलता बोलता विचारा, मेअखेरीला आपल्या विहिरीत किती हात पाणी उरतं. त्या सांगतील तो आकडा वहीत पहिल्या पानावर लिहा.